कापसातला जुम्मा

जैबुनबी बहिरी झाली, हे मुकुटबनच्या पिंजारी गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ते खोटं आहे हे मात्र दोघींनाच ठाऊक होतं. एक खुद्द जैबुनबी आणि दुसरी समोरच्या घरातली मैनाबाई.

बहिरेपणाचे तोटे असतात तसे फायदेही असतात. सून गझाला तिच्याशी बोलताना शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाक घालावी तशी ओरडायची, "अम्माऽ, चहाऽऽ!" आणि लगेच तोंड फिरवून शेजारणीला हळूच सांगायची, "आज भाजीत दोनदा मीठ टाकलं अम्मानं." जैबुनबी चहा घ्यायची, मिठाचंही ऐकून घ्यायची आणि चेहरा कोऱ्या पाटीसारखा ठेवायची. दुसऱ्या दिवशी भाजीत मीठ बेताचं पडायचं. गझालाला वाटायचं, अल्लाची मेहरबानी.

पण हे सोंग तिनं गंमत म्हणून घेतलं नव्हतं. त्याच्या मुळाशी एक घुमट होता, आणि घुमटाच्या मुळाशी पोराची माया होती. मायेनं केलेली चूक बोलून दाखवायला जीभ रेटत नाही. म्हणून बाईनं पोराची चूक झाकायला स्वतःचे कान गमावले.

तिचं घर मशिदीच्या पाठीला पाठ लावून उभं. मशिदीची पश्चिमेची भिंत आणि तिच्या स्वयंपाकघराची भिंत एकच. पलीकडून त्या भिंतीत मेहराब, म्हणजे इमामानं उभं राहायचा कमानीचा कोनाडा, आणि त्या कोनाड्यात उजेडावाऱ्यासाठी एक वीतभर झरोका. झरोक्याच्या अलीकडे जैबुनबीची चूल.

जुनी मशीद म्हणजे मातीच्या जाड भिंती, सागाची लाकडं आणि वर कवेलू, म्हणजे कौलं. उंच माणसानं हात वर केला तर छताला लागायचा. पिंजाऱ्यांची मशीद, त्यामुळे खाली कापसाच्या जुन्या पातळ गाद्या आणि त्यांवर सतरंज्या. दिसायला काही नव्हती. पण तिथं बोललेला शब्द निघायचा तो थेट ऐकणाऱ्याच्या कानात जाऊन बसायचा, वाटेत उनाडक्या करत हिंडायचा नाही. झरोक्यातून तो चुलीपर्यंतही तसाच, अंगावर धूळ न बसता यायचा.

जैबुनबीचा नवरा तिथला पेशइमाम. आठवडाभर कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा, आणि जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, अंगावरची रुई झटकून मेहराबीत उभा राहायचा. त्याचं नाव मन्सूर. आपण हे नाव बिनधास्त घेतो, कारण गोष्ट सांगणाऱ्याला तेवढी मुभा असते. जैबुनबीनं ते उभ्या जन्मात घेतलं नव्हतं.

बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये, ही रीत गल्लीच्या दोन्ही बाजूंना सारखीच. पण मैनाबाईला निदान उखाणा होता. लग्नात, बारशाला बाया वाट अडवायच्या, "नाव घे, नाव घे," आणि मैनाबाई लाजत मुरडत पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, बोंडाला काहीतरी यमक जुळवून किसनरावांचं नाव घ्यायची आणि मोकळी व्हायची. जैबुनबीकडे तीही सोय नव्हती. राशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं की ती पोराला पुढं ढकलायची. "शादाबचे अब्बा" एवढ्यावर तिचा संसार निभावला.

मन्सूरची एक रीत होती. जुम्म्याची नमाज झाली की तो लोकांकडे तोंड करून बसायचा आणि दुआत नावं घ्यायचा. आधी आजारी, अडचणीतले, मग गेलेले. गल्लीतल्या कोणीही येऊन नाव सांगावं, मग तो नमाजी असो की नसो. आणि ही दुआ तो सरळ गल्लीच्या बोलीत करायचा. गल्लीतल्या परवेजच्या वडलांनी एकदा टोकलं की दुआ तरी उर्दूत कर. मन्सूर म्हणाला, "काहून? अल्लाले वऱ्हाडी समजत नाही काय?"

मैनाबाईचा नातू सोनू लहानपणी तापानं फणफणला होता, तेव्हा ती मशिदीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. "हाफिजजी, माह्या लेकरासाठी मांगा."

"नाव सांगा, माय."

"माह्यं लेकरू म्हणा नं. देवाले समजते."

मन्सूर हसला. "देवाले समजते व. पण नावाबिगर दुआ म्हणजे घर विचारल्याबिगर निघालेला पाहुणा. कोणाच्याही ओट्यावर जाऊन बसन तो."

सोनूचं नाव त्या जुम्म्याला घेतलं गेलं आणि पोरगा उठून बसला. सरकारी दवाखान्याच्या गोळ्याही चालू होत्या, पण मैनाबाईपुढं तो विषय काढायची कोणाची छाती नव्हती.

जैबुनबीला त्या नावांचं वेगळंच सुख. घरात मन्सूर मोजकं बोलायचा. कापसाच्या धुळीनं घसा धरलेला, त्यात स्वभाव भिडस्त. बायकोला हाक मारायची तर "ऐकलं काय?" यापुढं गाडी जायची नाही. पण जुम्म्याला झरोक्यातून तोच माणूस अख्ख्या गल्लीसाठी बोलायचा, आणि कोणाच्या नावापाशी तो थांबतो, कोणाच्या नावावर त्याचा गळा भरून येतो, हे तिला चुलीपाशी बसून कळायचं. एकदा ती स्वतःच कावीळ होऊन अंथरुणाला खिळली होती. त्या जुम्म्याला झरोक्यातून आलं, "जैबुनले बरं कर, या अल्ला." लग्नानंतर नवऱ्याच्या तोंडून आपलं नाव तिनं तेवढंच एकदा ऐकलं. भिंतीकडे तोंड करून ती खूप रडली होती, आणि घरी आल्यावर त्यानं नेहमीसारखं विचारलं, "ऐकलं काय, पेज पेली?"

त्या एका हाकेचं देणं आपल्यावर आहे, असं तिला वाटायचं. आपण मागं राहिलो तर त्याचंही नाव असंच, याच झरोक्यातून, आपल्या कानावर यावं.

आणि ती मागं राहिली. नवी बांधायची म्हणून जुनी मशीद पाडायला काढली त्याच उन्हाळ्यात मन्सूर दुकानातल्या गादीवर आडवा झाला तो उठला नाही. नवी मशीद होईपर्यंत जुम्म्याची नमाज बसस्टँडमागच्या शेडात व्हायची. शादाब, तिचा एकुलता एक मुलगा, बापाच्या जागी उभा राहू लागला. तिथलं काही तिच्या चुलीपर्यंत यायचा प्रश्नच नव्हता. ती वाट पाहत राहिली.

नव्या मशिदीला घुमट हवाच, हा हट्ट शादाबचा. मन्सूर एकदा कामानिमित्त हैदराबादेला गेला होता, तिथले घुमट पाहून आला आणि जेवताना म्हणाला, "असा घुमट पाह्यजे बुवा. आवाज सरळ वर जाते." बापानं भाकरी मोडता मोडता म्हटलेली गोष्ट पोरानं काळजावर कोरून घेतली. गावोगाव फिरून वर्गणी मागितली. उंच गोल घुमट उभा राहिला, भिंतींना वरपर्यंत पांढऱ्या चकचकीत टाइल्स, खाली तोंड दिसेल अशी फरशी, चार कोपऱ्यांत चार स्पीकर. मेहराबीचा झरोका मिस्त्री बुजवून टाकणार होता. शादाब त्याच्यावर धावून गेला, "तो माह्या अम्माचा आहे."

पहिल्या जुम्म्याला जैबुनबीनं ठेवणीतली ओढणी घेतली, चूल विझवली आणि झरोक्याखाली पाट टाकून बसली. आवाज आला. पण काय आला! एक शब्द घुमटात चढून खाली उतरायच्या आत दुसरा वर निघायचा, आणि वाटेत दोघांची टक्कर. टाइल्स तोच शब्द एकमेकींकडे फेकायच्या. चार स्पीकर तेच वाक्य चारदा, जरा मागंपुढं म्हणायचे. खुतब्याचं, म्हणजे नमाजेआधीच्या प्रवचनाचं, एक वेळ ठीक, तो अरबीतला. पण दुआतली नावं? सगळ्या गल्लीचा काला झाला होता. आजारी कोण, गेलेलं कोण, पुरुष कोण, बाई कोण, काही म्हणता काही उमजेना. दूर डोंगरात गडगडावं तसं काहीतरी झरोक्यातून येत राहिलं आणि थांबलं.

शादाब धापा टाकत घरी आला. चेहरा असा की बापाचं सगळं ऋण आज फिटलं. "अम्मा, आलं ऐकू? सांग बरं, कोणाकोणाची नावं घेतली मी?"

जैबुनबीनं पोराकडे पाहिलं. बारा गावचं पाणी पिऊन वर्गणी आणलेला, उन्हानं काळा पडलेला पोरगा. त्याला काय सांगायचं, की बाबा, तू बापाच्या मायेनं बांधलंस आणि बापाची रीतच त्यात बुडाली? तिनं कानाला हात लावला.

"काय म्हणतं बापू? जोरानं बोल. माहे कानच गेले वाटते."

शादाबचा चेहरा पडला, पण निराळ्या दुःखानं. ते दुःख तिला परवडण्यासारखं वाटलं. झालं, त्या दिवसापासून ती बहिरी. वणीच्या कानाच्या डॉक्टरकडे न्यायला तो गाडी घेऊन आला की तिचे गुडघे दुखायचे. डॉक्टर म्हणाला असता, कान शाबूत आहेत, आणि मग बोट घुमटाकडे गेलं असतं.

आतल्या लोकांची गत काही वेगळी नव्हती. पण ज्याच्या त्याच्या घरची वर्गणी त्या घुमटात, मग कबूल कोण करणार? कमिटीचा अध्यक्ष परवेज, ट्रॅक्टर दुरुस्तीवाला, दर जुम्म्याला बाहेर येऊन छाती फुगवायचा, "गुंज पाह्यली का, गुंज! कशी घुमते! पांढरकवड्यात नाही अशी." कोणी दबकत म्हणालंच की मागं समजत नाही, तर परवेज आवाजाचं बटण आणखी फिरवायचा. बहिऱ्याला ओरडून सांगावं आणि त्यानं आणखी बहिरं व्हावं, असा तो कारभार. आणि ज्याला खरं कळायला हवं होतं तो शादाब. पण मशिदीत शेवटच्या रांगेत कधीही न बसणारा माणूस कोण, तर इमाम.

तरी जैबुनबी दर जुम्म्याला झरोक्याखाली बसायची. गडगडाट ओसरता ओसरता शेवटाकडे एक आवाज जरा फुगायचा आणि मग "आमीन"चा कल्लोळ. त्या फुगवट्यातच त्याचं नाव असणार, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. तिथं आलं की ती भिंतीवर तळवा ठेवायची आणि आमीन म्हणायची. चार वर्षं.

मैनाबाईनं हे सोंग पहिल्याच महिन्यात ओळखलं. मागून येऊन ती हळूच म्हणाली होती, "चुलीवर दूध उतू जाऊन राह्यलं व," आणि बहिरी जैबुनबी टुणकन उठली होती.

"सांगून टाक नं पोराले," मैनाबाई म्हणायची.

"कसं सांगू? त्यानं बापासाठी बांधला."

"मंग तूच घे नाव. कोणासाठी थांबून राह्यली? मी शिकवतो उखाणा. तुह्या दुकानात रुईचा ढीग..."

"चूप बस व!" जैबुनबी पदराआड हसायची. मग हसू विरायचं. "घरात तो अब्बा म्हणते. गल्ली हाफिजजी म्हणे. आता तं तेही कोणी म्हणत नाही. नाव घेणारी एकच जागा राह्यली, मैना. एकडाव पोराच्या तोंडून नीट ऐकलं, का मी मोकळी. मंग खरंच कान गेले तं जाऊ दे."

असं चाललं होतं. आणि मग फेब्रुवारीत एका गुरुवारी दुपारी अवकाळी आली.

किसनरावांनी, म्हणजे मैनाबाईच्या यजमानांनी, भाव चढेल म्हणून कापूस विकला नव्हता. पुढची खोली छतापर्यंत भरलेली. घरचे लोक कसेबसे कडेकडेनं चालायचे. दुपारी आभाळ काळं झालं, वारं सुटलं, आणि एका झपाट्यात त्या खोलीवरचे टिनाचे पत्रे उडून हापशीपाशी पडले. गारा पडायला लागल्या. किसनराव नुसते डोक्याला हात लावून उभे.

पिंजाऱ्याला कापूस भिजताना पाहवत नाही. कापूस कोणाचा हे तो नंतर विचारतो. अख्खी गल्ली चादरी, सोलापुरी, ताडपत्र्या घेऊन धावली. पण न्यायचा कुठं? घरं सगळी लहान. शादाब मशिदीचं दार सताड उघडून ओरडला, "इकडं आणा!"

"अरे टाइल्स!" परवेज कळवळला.

"टाइल्स धुता येते. कापूस धुता येते काय?"

किसनराव गाठोडं खांद्यावर घेऊन पायरीशी घुटमळले. "शादाब, नमाजाच्या जागी कसं ठेवू गा?"

"काका, माहे अब्बा इथं अंगावर कापूस घेऊनच उभे राहत होते. या आत."

संध्याकाळपर्यंत मशिदीचा रंग पालटला. तिन्ही भिंतींना खिडकीच्या वरपर्यंत कापसाचे ढिगारे. अर्धी फरशी दिसेनाशी झाली. परवेजनंच शेवटी सगळ्यात जास्त गाठोडी वाहिली, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. विजेचे खांब पडले होते. दोन दिवस लाईट येणार नाही असं कळलं.

दुसऱ्या दिवशी जुम्मा. ढिगाऱ्यांच्या मधल्या जागेत दाटीवाटीनं रांगा बसल्या. माईक बंद. मागच्या लोकांना काही ऐकू येणार नाही, म्हणून परवेज हळहळत होता.

जैबुनबी सवयीनं झरोक्याखाली बसली. मैनाबाई आपला कापूस सुकला का ते विचारायला आली होती, ती दाराच्या चौकटीला टेकली. गझाला ओल्या चादरी वाळत घालायला अंगणात.

आधी एक खोकला आला. जैबुनबी दचकली. तो परवेजचा होता. नुसता खोकला नव्हे, परवेजचा. मग कोणाचा तरी गुडघा कटकन वाजला. मग कापसानं कोणाला शिंक आली आणि शेजारच्यानं पुटपुटलेलं "यरहमुकल्लाह" सुद्धा उंबऱ्यावर बसून म्हटल्यासारखं स्पष्ट. तिनं मैनाबाईकडे पाहिलं. मैनाबाईनं डोळे मोठे केले.

शादाब बोलायला लागला. सुरुवातीला माईक नाही म्हणून त्यानं आवाज चढवला, पण दोनचार वाक्यांत त्यालाच काहीतरी जाणवलं असावं. आवाज खाली आला. आणि जैबुनबी पाटावर पुढं सरकली. हा आवाज तिला ठाऊक होता. तोच धरलेला घसा, वाक्याच्या अर्ध्यात तेच थांबणं, श्वास घ्यायची जागाही तीच. पोराच्या गळ्यात बाप येऊन बसला होता आणि चार वर्षं एका भिंतीपलीकडे राहून तिला त्याचा पत्ता नव्हता; घरात तो बहिऱ्या आईशी ओरडूनच बोलायचा. एवढं गमावलं आपण, असं तिला वाटलं, आणि तिला त्या घुमटाचा मनापासून राग आला.

नमाज झाली. शादाब लोकांकडे वळून बसल्याची सतरंजीची सळसळही ऐकू आली. नावं सुरू झाली.

"वच्छलाबाईच्या गुडघ्याले आराम दे, या अल्ला. भावसिंगची पोरगी बाळंतपणाले गेली, तिची सुटका कर. धर्मपालचा बैल बसला, त्याले उठव." एकेक नाव सुटं, कोरडं, आपापल्या पायांवर चालत झरोक्यातून चुलीपाशी येत होतं. किसनकाकांचं नाव आलं तेव्हा मैनाबाईनं तिथल्या तिथं हात जोडले. आत कोणीतरी हुंदका गिळला. शेवटच्या रांगेतल्या लोकांनी कितीतरी दिवसांनी कळून सवरून आमीन म्हटलं.

मग गेलेल्यांची नावं. नागोराव. धनीबाई. परवेजचे वडील, त्यांच्या पुऱ्या नावानिशी. जैबुनबी उठून उभी राहिली. भिंतीवर तळवा ठेवला. आता. आता येईल. छाती अशी धडधडत होती की तोच आवाज मध्ये यायचा, म्हणून तिनं श्वास रोखला.

"अन् माहे अब्बा," शादाब म्हणाला. "सगळ्याइले तुह्या जवळ जागा दे. आमीन."

"आमीन," सगळे म्हणाले.

जैबुनबी तशीच उभी. तळवा भिंतीवर. नाव नव्हतं. आज राहून गेलं असं नव्हतं. ज्या सराईतपणे तो ते वाक्य बोलून गेला, त्यावरून कळत होतं की दर जुम्म्याला हे असंच असतं. चार वर्षं ती ज्या गडगडाटावर हात ठेवून आमीन म्हणत आली, त्यात मन्सूर नव्हताच. सगळ्या गल्लीची माणसं नावानिशी जात होती आणि ज्यानं ही रीत घातली तो एकटा बिननावाचा निघाला होता. अब्बा! कोणाचे अब्बा? अब्बा तर सगळ्यांनाच असतात. कोणाच्या ओट्यावर जाऊन बसला असेल तो बिचारा.

मैनाबाई काही म्हणायच्या आत तिनं पाटावर पाय दिला आणि झरोक्याला तोंड लावलं.

"शादाब, नाव घे."

आतलं उठण्याबसण्याचं, कुजबुजीचं सगळं एकदम थांबलं. अंगणात गझालाच्या हातातली चादर खाली पडली.

"तुह्या अब्बाचं नाव घे. घर विचारल्याबिगर नोको धाडू त्याइले."

मग पलीकडून शादाबचा आवाज, अगदी जवळून, झरोक्याकडे वळलेला. "अम्मा... मले नाही होत. पहिल्या जुम्म्याले घ्याले गेलतो, गळाच दाटला. तवापासून जीभच उचलत नाही." आणि तो लहान पोरासारखा रडू लागला. चकचकीत टाइल्सनी एरवी त्या रडण्याचे दहा तुकडे करून परत फेकले असते. कापसानं ते मुकाट्यानं पोटात घेतलं.

जैबुनबीचा राग गेला. उरलं ते फक्त इतकंच, की आता दुसरं कोणी नव्हतं. कोणीतरी घ्यायला हवं होतं. तिनं मागं वळून मैनाबाईकडे पाहिलं. मैनाबाईनं मान हलवली. लग्नात बाया नव्या नवरीला धीर देतात तशी ती हळूच म्हणाली, "घे."

"मन्सूर," जैबुनबी म्हणाली.

पहिल्यांदा म्हणाली. आवाज चिरका, म्हातारा, जरा लाजरासुद्धा. पण तो घुमला नाही, फुटला नाही, घुमटात भटकायला गेला नाही. भरलेल्या मशिदीत शेवटच्या रांगेपर्यंत एकदाच ऐकू आला आणि ज्याच्या त्याच्या कानात जाऊन बसला. लोक खाली माना घालून ऐकत होते. ज्यांनी त्याच्या हातच्या गाद्यांवर संसार केले त्यांनासुद्धा हाफिजजींचं नाव मन्सूर होतं, हे आठवायला क्षणभर लागला.

"म्हण, बापू. मन्सूर."

"मन्सूर," शादाब म्हणाला. बापाच्याच आवाजात म्हणाला.

"आमीन," परवेज म्हणाला, आणि मग बाकी सगळे. त्या आमीनमधला प्रत्येक माणूस जैबुनबीला वेगळा ओळखू आला.

थोड्या वेळानं शादाब घरी आला. दाढीत कापूस, डोळे लाल. गझाला दाराआडून सासूकडे पाहत होती. मिठाचं, आणि मिठाशिवाय आणखी बरंच काही तिला आठवत असावं. शादाब चुलीपाशी आईसमोर बसला.

"अम्मा," तो म्हणाला, "तुले ऐकू येते?"

"येते."

"सगळं?"

"मिठाचंही," जैबुनबी म्हणाली. दाराआड बांगड्या वाजल्या आणि पावलं लगबगीनं अंगणात गेली.

"मंग चार वर्षं मले काहून नाही सांगतलं?"

जैबुनबीनं झरोक्याकडे बोट दाखवलं. "तू तो माह्यासाठी ठेवला होता न. त्यातून काही समजत नाही, असं कोण्या तोंडानं सांगू?"

शादाबनं मान खाली घातली. बाहेर किसनराव कापसाला ऊन दाखवायची घाई करत होते. चार दिवसांत गाडी येईल, मशीद रिकामी होईल, मग पुन्हा तेच. तो ते बोलला नाही, पण आईला कळलं.

"पिंजाऱ्याच्या घरात कापसाले तोटा नाही," ती म्हणाली. "गाद्या भर. भिंतीले लाव. परवेज ओरडन, ओरडू दे. त्यालेही आज समजलं." मग ती जरा सरकली आणि त्याला चुलीजवळ जागा करून दिली. वर जुनेच कवेलू, हात वर केला तर लागतील असे. "ते होईल तवा होईल. आता इथं घे एकडाव. हळू घे, मले ऐकू येते."

शादाबनं आईचा हात हातात घेतला आणि बापाचं नाव घेतलं. जैबुनबीनं डोळे मिटून ते ऐकलं आणि चुलीत काटकी सारली.